खोबरेल गोठू द्या, मग पॅकेजचं बघू

आपल्या नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव टाकू नका म्हणाल्या म्हणून टाकत नाही. लांब आहे, मी छाटून देते:

"ताई नमस्कार. वय ४४, बँकेत आहे, दिवसभर कॉम्प्युटरसमोर. मान अन् खांदे दोन महिन्यांपासून असे दुखून राहिले की रात्री कूस बदलताना जाग येते. मिस्टर रोज टू-व्हीलरने बुटीबोरीला जातात, त्यांना ऑगस्टमध्ये चिकनगुनिया झाला होता, अजून सकाळी बोटं आखडतात. सासूबाई ७२ च्या, शुगर आहे, गुडघे दुखतात, तरी दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेल्याशिवाय राहत नाहीत, आणि तिथे किती चालावं लागतं ते तुम्हाला माहीत आहे. आता मला मोबाईलवर एका स्पाचं रील सारखं येऊन राहिलं. 'ऑटम मसाज', बॉडी डिटॉक्स होते म्हणे, इम्युनिटी वाढते, दहा सिटिंगचं पॅकेज, दसऱ्यापर्यंत डिस्काउंट. मिस्टर म्हणतात पैसे जास्त झाले का. सासूबाई म्हणतात थंडी पडू दे, मग लाव अंगाला तेल, आता अंगात गर्मी आहे. कोणाचं ऐकू?"

सासूबाईंचं ऐका. पूर्ण नाही, पण निम्म्याहून जास्त.

आधी हे ऑटम प्रकरण निपटवू. ऑटम म्हणजे जिथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाडांची पानं लाल-पिवळी होऊन गळतात, लोकं कपाटातून स्वेटर बाहेर काढतात, हवा थंड आणि कोरडी होते, तिथला ऋतू. तिथल्या माणसानं त्या हवेत कोमट तेलानं अंग रगडून घेतलं तर त्याला बरं वाटणारच, त्याच्यासाठी ते बरोबरच आहे. पण आपल्याकडे आश्विनात काय असतं? पाऊस नुकताच गेलेला, आभाळ धुतल्यासारखं, आणि दुपारी बर्डीवर गाडी लावून दुकानात जाऊन दहा मिनिटांत परत आलात तर सीटवर बसवत नाही. पारा ३२-३३ ला, घामोळ्या, डोळ्यांची आग, तोंड येणं, कोणाला पित्त उसळणं. ह्याला आपण ऑक्टोबर हीट म्हणतो आणि ह्याच दिवसांत ते रीलवालं पोट्टं स्वेटर घातलेल्या बाईचा फोटो टाकून आपल्याला गरम तेलाचं पॅकेज विकून राहिलंय. बरं त्या फोटोत मागे मेपलची पानंसुद्धा असतात, मी पाहिलंय.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सहावा अध्याय ऋतुचर्येचा आहे. त्यात म्हटलंय की पावसाळ्यात साठलेलं पित्त शरदातलं ऊन लागलं की उसळतं, आणि मग टाळायच्या गोष्टींची यादी येते, त्यात ऊन आहे, दही आहे, दुपारची झोप आहे, आणि तेलपण आहे. आता ते तेल मुख्यतः पोटात जाणारं, म्हणजे आपली वडा-भजी-रस्स्यावरची तर्री, हे खरं, पण एकंदर कल कळतो ना. त्याच अध्यायात हेमंतासाठी, म्हणजे मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीसाठी, काय सांगितलंय तर अंगाला अभ्यंग करा, उटणं लावा, डोक्यावर तेल घाला, उन्हात बसा. आणि शरदासाठी काय कौतुक केलंय माहितीये, संध्याकाळच्या चांदण्याचं. कोजागरीला गच्चीवर दूध आटवत बसणारे आपण सगळे नकळत तेच करतो. म्हणून म्हटलं, सासूबाईंनी चरक वाचला नसेल पण त्या जे बोलल्या ते त्याच रस्त्यानं बोलल्या.

मग ऑक्टोबरभर तेलाला हातच लावायचा नाही का? तसंही नाही. 'अष्टांगहृदय' लिहिणाऱ्या वाग्भटानं अभ्यंग रोज करावा म्हटलंय आणि त्यातही डोकं, कान आणि पाय ह्यांना विशेष. ह्या दिवसांत मी स्वतः एवढंच करते: रात्री तळपायांना खोबरेल, आठवड्यातून दोनदा डोक्याला, बस. गरम न करता. पूर्ण अंगाची रगडारगडी नाही.

आणि कधी सुरू करायची, तर त्याला माझ्याकडे एक कॅलेंडर आहे. बाथरूमच्या कोनाड्यात खोबरेलाची निळी बाटली असते, तुमच्याकडेही असेलच. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं. दसऱ्याच्या सुमारास ती बाटली नुसती पाण्यासारखी, झाकण नीट नसेल तर सगळा कोनाडा चिकट. मग दिवाळी होते, एखाद्या सकाळी तेल जरा धुरकट दिसतं, दोन-चार दिवसांनी बुडाशी पांढरा थर, आणि मग एक दिवस असा येतो की बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही, काडी घालून उकरावं लागतं. तो दिवस आला की समजायचं आता नागपूरची हवा कोरडी झाली, टाचा फुटायला लागणार, पोटऱ्यांवर नखानं रेघ ओढली की पांढरी उमटणार. त्या दिवसापासून खोबरेल बाजूला आणि तिळाचं तेल हातात. आपल्याकडे थंडी कधी कधी भलतीच पडते, २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपूर ३.५ अंशांवर गेलं होतं, त्या आठवड्यात तर कोणाला मालिशचे फायदे समजावून सांगावे लागले नाहीत.

ज्यांच्याकडे दिवाळीचं अभ्यंगस्नान असतं त्यांची सुरुवात नरक चतुर्दशीच्या पहाटे आपोआप होते, तुमच्याकडे नसेल तरी काही बिघडत नाही, बाटलीला सण कळत नाही. तेल कोणतं ह्याचा फार बाऊ करू नका. तीळ चांगलं, घाण्याचं मिळालं तर अजून चांगलं, गडचिरोलीकडची माझी एक मैत्रीण मोहाच्या टोळीच्या, म्हणजे बियांच्या, तेलाशिवाय दुसऱ्या तेलाला मानत नाही, ते थंडीत तुपासारखं घट्ट होतं आणि फुटलेल्या टाचांना खरंच बरं पडतं. फक्त नवीन तेल असेल तर आधी मनगटावर लावून एक दिवस बघा, खाज सुटली तर सोडा.

आता मालिशनं नेमकं होतं काय. मी फिजिओथेरपीच्या टेबलाशी वीसेक वर्षं उभी आहे, त्यामुळे मला मालिशचा राग नाही, माझं पोटच त्याच्यावर चाललं काही वर्षं. संथ, एकसारखा दाब पडला की आखडलेला स्नायू सैल होतो, श्वास लांब होतो, माणूस शांत होतो, त्या रात्री झोप चांगली लागते. तेलामुळे कातडीतला ओलावा उडून जात नाही. कंबर, मान, गुडघा ह्यांचं दुखणं काही काळापुरतं कमी होतं. ते 'काही काळापुरतं' मी मुद्दाम लिहिलं. अमेरिकेत गुडघ्याच्या झिजेवर एक अभ्यास झाला, २०१२ साली छापून आला, १२५ लोकं, आठ आठवडे मसाज. त्यात आठवड्यातून एकदा तासभर हा हिशोब सगळ्यात सोयीचा ठरला, दुखणं खरोखर कमी झालं, पण २४ व्या आठवड्याला पाहिलं तर मसाज घेतलेले आणि न घेतलेले ह्यांच्यात म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता. म्हणजे करत राहाल तोवर आराम. चहासारखं आहे, एकदा पिऊन जन्माची तल्लफ जात नाही.

डिटॉक्सचं तर सोडूनच द्या. अंगातलं नको ते बाहेर काढायला लिव्हर आहे, किडन्या आहेत, त्या बिचाऱ्या फुकटात दिवसरात्र काम करतात. दाबल्यानं स्नायूतलं लॅक्टिक ॲसिड निघून जातं हेपण खूप ऐकवतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ११ तरुण पोरांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावून एकाच पायाला दहा मिनिटं मसाज दिला आणि दोन्ही पायांच्या स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले, हेही २०१२ चंच. सूज आणणाऱ्या खुणा मसाजच्या पायात कमी दिसल्या, ही चांगली गोष्ट, पण लॅक्टिक ॲसिडमध्ये काही फरक नव्हता. तेव्हा कोणी तुमची पाठ दाबून 'बघा मॅडम टॉक्सिन निघून राहिले' म्हटलं तर फक्त मान डोलवा. नाही, मानसुद्धा नका डोलवू, तुमची दुखते आहे.

आता तुमच्या मिस्टरांचं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चिकनगुनियानंतर सांधे महिनोन्महिने धरतात, २०२४ च्या साथीनंतर आपल्याकडे निम्मं शहर सकाळी भिंत धरून उठत होतं. अशा बोटांना, मनगटांना जोरात रगडायचं नाही. सांधा सुजलेला असेल, हात लावल्यावर गरम लागत असेल तर त्याच्यावर मालिश बंद, त्या वेळी आराम, आणि डॉक्टर सांगतील ते. सूज उतरलेली असेल आणि नुसता आखडलेपणा असेल तर सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून मुठी उघडायच्या-मिटायच्या, मग दोन थेंब तेल घेऊन प्रत्येक बोट मुळापासून टोकापर्यंत हलकं हलकं ओढल्यासारखं चोळायचं, पाच मिनिटं पुष्कळ. तीन महिने होऊन गेले तरी सूज राहिली तर मालिशवाल्याकडे नाही, सांध्यांच्या डॉक्टरकडे न्या. आणि अजून एक, ह्याच दिवसांत डेंग्यूपण असतो. अंग मोडून आलं आणि सोबत ताप आहे तर 'जरा दाबून दे' म्हणायचं नाही, आधी रक्त तपासायचं. डेंग्यूत प्लेटलेट कमी झालेल्या असतात, दाबलं तिथे काळंनिळं होतं, आणि अंगदुखीची कुठलीपण गोळी मनानं घ्यायची नाही.

तुमची मान. ताई, तुम्ही दिवसभर कशा बसता हे मी न पाहता सांगते: स्क्रीन खाली, हनुवटी पुढे, काउंटरवरच्या माणसाशी बोलायला मान उजवीकडे वळवलेली, आणि फोन खांद्यात धरलेला. ह्याच्यावर दहा सिटिंग घ्या नाहीतर शंभर, सोमवारी पुन्हा तेच. स्क्रीन डोळ्यांच्या उंचीला आणा, चार जुनी लेजरं खाली घातली तरी चालतं, बँकेत त्यांची कमी नसावी. घरी एक टेनिस बॉल घ्या, मुलांचा असेलच, भिंतीला पाठ लावून बॉल खांद्याच्या फऱ्याच्या आणि मणक्याच्या मधे धरा, मणक्यावर नाही, मणक्याच्या बाजूला, आणि गुडघे जरासे वाकवून हळू वरखाली व्हा. जिथे 'आई गं' होतं तिथे थांबून पाच-सहा लांब श्वास. रात्री मिस्टरांना सांगा खांद्याचा तो जाड भाग असतो ना, पिशवीचा पट्टा बसतो तिथला, तो चिमटीत न धरता पूर्ण तळहातानं मळायचा, पोळीची कणीक मळतो तसा, उपडी मूठ मारायची नाही. हाताला मुंग्या येत असतील, पकड ढिली पडली असेल तर मात्र हे सगळं राहू द्या आणि आधी दाखवून घ्या.

आणि मिस्टरांना कटिंगच्या दुकानात मान मोडून घ्यायची सवय असेल तर ती सोडवा. चंपी करा म्हणावं खुशाल, पण शेवटी हनुवटी धरून कडकन देतात ते नको. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात, त्या झटक्यानं त्यातली एखादी आतून फाटू शकते, लकवा होऊ शकतो. क्वचित होतं, पण एका कडक आवाजासाठी हा सौदा कशाला.

सासूबाईंकडे येते, कारण इथे मला एक गोष्ट सांगायची आहे जी मी सहसा सांगत नाही. माझ्या आईला शुगर होती. थंडीचे दिवस, तिचे पाय गार पडायचे, मी तेव्हा नवीन नवीन शिकून आलेली, मोठी शहाणी. स्टीलच्या वाटीत तिळाचं तेल घेतलं, दोन पाकळ्या लसूण टाकला, वाटी सांडशीत धरून सरळ गॅसवर. लसूण लाल झाला, गॅस बंद केला, तितक्यात फोन आला, दोन मिनिटं बोलले, मला वाटलं निवलं असेल. आईच्या तळपायावर ओतलं आणि चोळायला लागले. माझ्या हाताला चटका बसला म्हणून मी हात झटकला, आणि आई माझ्याकडे पाहून म्हणाली, काय झालं? तिला कळलंच नव्हतं. शुगरनं पायाची जाण गेलेली. सकाळी तळव्यावर लिंबाएवढा फोड. ती जखम भरायला उन्हाळा उजाडला. तेव्हापासून माझ्या घरात तेलाची वाटी गॅसवर जात नाही, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायची, आणि तेल आधी माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला, मग पेशंटच्या अंगाला. शुगरवाल्याला 'गरम लागतं का' विचारून काही उपयोग नसतो.

तर सासूबाईंसाठी असं करा. तेल कोमटसुद्धा नाही, साधंच. आधी चष्मा लावून दोन्ही तळवे उजेडात बघा, भेग, फोड, लालसर डाग काही आहे का, असेल तर तिथे तेल-मालिश नाही, डॉक्टर. नसेल तर तळपाय, घोटे, पोटऱ्या, खालून वर, हलक्या हातानं. बोटांच्या बेचक्यात तेल राहू द्यायचं नाही, कोरड्या कपड्यानं पुसून घ्यायचं, नाहीतर तिथे बुरशी धरते. एकच पोटरी सुजलेली, लाल आणि दुखरी दिसली तर अजिबात दाबायची नाही, शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दवाखाना. त्या रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर जोराचं मालिश तसंही नको. गुडघ्याचं मालिश म्हणजे वाटी दाबणं नव्हे, वाटीच्या वरचा मांडीचा स्नायू सैल करायचा, आठ-दहा मिनिटं, आणि त्यानंतर त्यांना खुर्चीवर बसवून एकेक पाय सरळ करून पाच आकडे मोजेपर्यंत धरायला लावायचं, दहा-दहा वेळा. खरं काम हे दुसरं करतं, मालिशमुळे ते करायची हिंमत येते एवढंच.

आणि बाथरूम! तेल लावलेले पाय आणि ओली टाईल ह्यांच्यापायी मी जितकी खुब्याची हाडं मोडलेली पाहिली तितकी दुसऱ्या कशानं नाही. थंडीत पूर्ण अंगाला लावाल तेव्हा तळपाय शेवटपर्यंत कोरडे ठेवा, आंघोळ बसून, खाली रबरी मॅट, आणि तेल काढायला साबणाऐवजी बेसन किंवा उटणं, त्यानं घसरणंही कमी आणि कातडीही कोरडी पडत नाही. जेवल्याबरोबर मालिश नको, आणि अपचन असेल तेव्हाही नको, हे दुसरं वाग्भटाचंच. आंघोळीआधी अर्धा तास पुरे, काही लोकं दोन-दोन तास तेल मुरवत बसतात आणि मग सर्दी झाली की तेलाला नावं ठेवतात.

पॅकेजचं काय, तर दहाचं घेऊ नका. इतकंच वाटत असेल तर थंडी पडल्यावर एक सिटिंग घ्या आणि दुखणं किती दिवस दबलं ते कॅलेंडरवर लिहून ठेवा, मग ठरवा. जाण्याआधी विचारा की हात कोणाचा, शिकलंय कुठे, आणि आपण 'हळू' म्हटल्यावर हळू होतं का. 'दुखतंय म्हणजे गाठ फुटतेय' म्हणणारा असेल तर उठून या, दुसऱ्या दिवशी अंगावर काळेनिळे डाग म्हणजे चांगलं मालिश नसतं, मार असतो. नीट वैद्याच्या देखरेखीत करायचं असेल तर सक्करदऱ्याला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, पंचकर्म विभाग आहे, तुम्हाला मानेवाड्यावरून काही लांब नाही, तिथे प्रकृती बघून सांगतील. गर्दी असते, सकाळी लवकर जा.

दसऱ्याच्या रात्री मात्र थंडीची वाट बघू नका. सासूबाई दीक्षाभूमीवरून आल्या की आधी पाय साध्या पाण्यानं धुवा, कोरडे करा, तळवे बघा, मग तेच गोठलेलं नसलेलं खोबरेल घेऊन दहा मिनिटं बसा त्यांच्या पायाशी. त्या ७२ च्या म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या दिवशी, अगदीच लहान, कोणाच्या तरी कडेवर असतील. तेल लावता लावता विचारा, कोणाच्या कडेवर होत्या. आणि उठायच्या आधी पाय पुसून चप्पल घालायला द्या, तशाच टाईलवर उतरू देऊ नका.